आरव्ही घेऊन कपारीतली घरं बघायला जायचंय? आधी हे वाचा

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, की तुम्ही अमेरिकेच्या नैऋत्येची ती डोंगराच्या कड्यात बांधलेली जुनी घरं बघायला आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन गेला होतात ना, आमचे आईबाबा येतायत उन्हाळ्यात, आम्हालाही जायचंय, तर कसं कसं करायचं ते सांग. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगते मी, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अरे महत्त्वाचं राहिलंच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. आम्ही ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो, त्यामुळे माझा सगळा हिशोब फिनिक्सहून निघायचा आहे, डेन्व्हर किंवा डॅलसवाल्यांनी आपापल्या बाजूने रूट लावून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पहिल्यांदा जाणारे बहुतेक सगळे इथेच फसतात. ही घरं ज्या रस्त्यांच्या टोकाला आहेत ते रस्ते मोठ्या गाड्यांसाठी केलेलेच नाहीयेत. आरव्ही तुम्हाला अंगणापर्यंत नेते, पुढे नाही. त्यामुळे आरव्ही राहायला आणि छोटी गाडी फिरायला, हे डोक्यात ठेवूनच प्लॅन करा, बाकीचं आपोआप जमत जातं.

ही घरं कुणाची

थोडं हे कळलं नाही तर तिथे जाऊन नुसते फोटो निघतात, म्हणून सांगते. अमेरिकेच्या नैऋत्य भागात कोलोराडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे एका बिंदूला मिळतात त्या पट्ट्यात हजारेक वर्षांपूर्वी शेती करून राहणारे लोक होते. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची मुख्य पिकं, टर्की पाळायचे, कुत्रे पाळायचे. पूर्वी पुस्तकांत त्यांना अनासाझी म्हणायचे, पण तो नावाहो भाषेतला शब्द आहे, त्याला शत्रूचे पूर्वज असा काहीसा अर्थ चिकटलेला आहे आणि आजच्या प्युब्लो लोकांना तो आवडत नाही, म्हणून आता ॲन्सेस्ट्रल प्युब्लोअन म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, रेंजरशी, म्हणजे पार्कच्या कर्मचाऱ्यांशी, बोलताना तर नक्कीच. होपी, झुनी, अकोमा हे आजचे प्युब्लो लोक त्यांचेच वंशज, आणि त्यांच्या दृष्टीने ही जागा ओसाड अवशेष नाहीये, पूर्वजांचं घर आहे.

कोलोराडोतलं मेसा व्हर्डे हे या सगळ्यातलं मुख्य ठिकाण. १९०६ साली त्याला नॅशनल पार्क केलं, आणि निसर्गासाठी नाही तर माणसांनी केलेलं काम जपायला म्हणून झालेलं ते अमेरिकेतलं पहिलं नॅशनल पार्क. तिथे साधारण ५५० पासून १३०० पर्यंत वस्ती होती, म्हणजे सातशे-साडेसातशे वर्षं, पण कड्याच्या कपारीत ती घरं बांधली ती फक्त शेवटच्या शंभरेक वर्षांत. त्याआधी ते वर सपाटीवरच राहायचे, आधी जमिनीत खड्डा खणून केलेल्या घरांत आणि मग दगडी वस्त्यांमध्ये. आणि कपारीत राहायला लागल्यावरसुद्धा शेती वरच होती, रोज कड्यात खोदलेल्या खोबणींमध्ये हात-पाय घालून वर चढायचं आणि तसंच उतरायचं, पाठीवर मका घेऊन. तिथे उभं राहून त्या खोबणी बघितल्या की पोटात गोळा येतो.

आपण लेणी बघत मोठे झालोय त्यामुळे आपल्या डोक्यात लगेच कार्ला-भाजे येतं, पण हा प्रकार वेगळा आहे. लेणी खडक कोरून केलेली असतात, इथे खडकात आधीपासूनच मोठी कपार होती आणि त्या कपारीत दगड रचून, मातीच्या गाऱ्याने सांधून घरं बांधली, दोन मजली, तीन मजली, काही ठिकाणी चार. ती कपार कशी झाली ते फार छान आहे. वरचा वालुकाश्म पाणी झिरपू देतो, खालचा शेल, म्हणजे चिखलाचा थरथरांचा खडक, देत नाही, त्यामुळे पाणी दोन्हीच्या मधल्या सांध्यातून बाहेर येतं, थंडीत त्याचा बर्फ होऊन खडक फुटत जातो आणि हजारो वर्षांत कपार तयार होते. म्हणजे ज्या पाण्याने घराला जागा करून दिली तेच पाणी पुढे प्यायलाही मिळालं. लाँग हाउस नावाच्या घरात मागच्या भिंतीशी अजून ते झिरपणारं पाणी बघायला मिळतं, खडकात टोचून केलेल्या छोट्या वाट्या आहेत पाणी साठवायला.

किती दिवस आणि कुठे कुठे

नवीन लोकांसाठी माझा सरळ सल्ला म्हणजे सहा दिवस घ्या आणि चारच ठिकाणं करा. लिस्ट वाढवायचा मोह होतो, आम्हालाही झाला होता, पण आरव्हीने रोज पाच तास ड्राइव्ह केलं की संध्याकाळी पाणी-वीज लावायला सुद्धा जीव राहत नाही.

पहिल्या दिवशी मॉन्टेझुमा कॅसल. फिनिक्सहून आय-१७ हायवेने साधारण ९० मैल. हे बघायला सगळ्यात सोपं, पक्का फरसबंदी रस्ता, व्हीलचेअरसुद्धा जाते, चुनखडीच्या कड्यात उंचावर बांधलेलं पाच मजली, २० खोल्यांचं घर खालून बघायचं. १९५१ पासून आत जायला बंदी आहे. नावात मॉन्टेझुमा असलं तरी त्या ॲझ्टेक राजाचा इथे काही संबंध नाही, हे सिनाग्वा नावाच्या इथल्याच जुन्या लोकांचं घर, गोऱ्या वसाहतवाल्यांनी अंदाजाने नाव ठेवलं आणि तेच राहिलं. तासाभरात होतं. आय-१७ चा चढ उन्हाळ्यात इंजिनला जड जातो, एसी थोडा वेळ बंद करा अशा पाट्याच लावल्यात तिथे, त्या मनावर घ्या.

रात्री फ्लॅगस्टाफ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉलनट कॅन्यन. इथे आयलंड ट्रेल आहे, एकच मैलाचा, पण १८५ फूट खाली पायऱ्या उतरायच्या आणि मग तेवढ्याच चढायच्या, तेही ७,००० फुटांच्या आसपासच्या उंचीवर. ज्यांना जमतं त्यांनी नक्की उतरा, कारण इथे वाट अगदी खोल्यांच्या समोरून जाते, छतावरची धुराची काजळी हातभर अंतरावरून दिसते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी वरच्या कडेने रिम ट्रेल आहे.

मग कॅन्यन द शे, स्पेलिंग बघून चेली म्हणू नका, उच्चार शे असाच आहे. हे नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो या मूळ रहिवासी लोकांच्या स्वतःच्या कारभाराखालच्या, जमिनीवर आहे, लोक अजून तिथे राहतात, दरीच्या तळाशी त्यांची शेतं आहेत. १८६४ साली अमेरिकन सैन्याने इथल्या पीचच्या बागा उद्ध्वस्त करून लोकांना हुसकावलं होतं, ते परत आले आणि पुन्हा शेती केली. दरीत उतरायचं तर नावाहो गाइड घ्यावाच लागतो आणि घ्या, पैसे वसूल होतात. नसेल जमत तर साउथ रिमच्या, म्हणजे दक्षिण कडेच्या, रस्त्यावरून व्हाइट हाउस नावाचं कपारीतलं घर आणि स्पायडर रॉक हा उंच सुळका दोन्ही वरून दिसतात. इथे काही गोष्टी लक्षात ठेवा: नावाहो नेशनमध्ये दारूला बंदी आहे म्हणजे आरव्हीच्या फ्रिजमध्ये बिअर ठेवून जाऊ नका, ड्रोन उडवायचा नाही, आणि माणसांचे किंवा त्यांच्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. तिथल्या कॉटनवुड कॅम्पग्राउंडला हूकअप (गाडीला जोडायचं पाणी-वीज-सीवर) नाहीत, म्हणून फ्लॅगस्टाफहून निघतानाच पाण्याची टाकी भरून घ्या.

आणि उरलेले दिवस सगळे मेसा व्हर्डेला. किमान दोन रात्री, जमलं तर तीन.

ज्यांच्याकडे अजून दोन दिवस आहेत त्यांनी न्यू मेक्सिकोतलं बँडेलिअर जोडा, तिथला खडक ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ, त्यामुळे तिथे लोकांनी खरंच खोल्या कोरल्यात, आपल्याला ते बघून घरच्यासारखं वाटतं. अल्कोव्ह हाउसला चढायला १४० फुटांच्या शिड्या आणि पायऱ्या आहेत. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात बँडेलिअरला व्हाइट रॉक गावाहून शटलने जावं लागायचं ते एक बरं होतं, पार्किंगची चिंता नाही.

गाडी कोणती घ्यायची

भाड्याच्या आरव्हीत तीन प्रकार असतात. क्लास ए म्हणजे बसएवढी, ती नका घेऊ. क्लास बी म्हणजे व्हॅन, दोघांना छान. क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली, चार-पाच माणसांच्या कुटुंबाला हीच लागते. आता मेसा व्हर्डेचं गणित बघा. गेटच्या आत लागणाऱ्या मोरफिल्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे ट्रेलर किंवा मागे जोडलेली गाडी न्यायला परवानगी नाही. पार्कच्या वेदरिल मेसा या भागाच्या रस्त्यावर तर २५ फूट आणि ८,००० पाउंड अशी लांबी आणि वजन दोन्हीची मर्यादा आहे, आणि भाड्याची क्लास सी लांबीत बसली तरी वजनात बसत नाही, म्हणजे लाँग हाउस आणि स्टेप हाउस तुमच्या हातून गेले. क्लिफ पॅलेस जिथे आहे त्या चेपिन मेसाच्या बाजूला आरव्ही जाते, पण व्ह्यू पॉइंटच्या पार्किंगमध्ये जागा मिळेल का नाही याचा घोर दिवसभर लागून राहतो.

म्हणून दोन उपाय. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर एक आरव्ही आणि एक साधी गाडी मागोमाग न्या, आम्ही हेच करतो. एकच कुटुंब असेल तर जवळच्या कॉर्टेझ किंवा डुरँगो गावाहून दोन दिवसांसाठी छोटी गाडी भाड्याने घ्या, खर्च वाढतो पण सगळं पार्क मोकळं होतं.

करार सही करायच्या आधी बघा: दिवसाला किती मैल फुकट, जनरेटरचे तासाला किती, कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का (बहुतेक ठिकाणी नसते), आणि काच किंवा छताचं नुकसान इन्शुरन्समध्ये येतं का. गाडी ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, छताचा पण. आमच्याकडून एकदा छतावरच्या व्हेंटच्या जुन्या चिरेचे पैसे मागितले होते, व्हिडिओ होता म्हणून वाचलो.

चालवायला शिका, खरंच

नेहमीचं लायसन्स चालतं म्हणून लोक समजतात मोठी एसयूव्हीच आहे, तसं नाहीये. पहिल्या दिवशी एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये अर्धा तास घालवा. वळताना मागचा भाग बाहेर फिरतो ते आरशात बघा, रिव्हर्स घेताना एक माणूस कायम मागे उभा पाहिजे आणि तो आरशात दिसत नसेल तर गाडी थांबवायची हा नियम करून टाका. गाडीची उंची कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा, पेट्रोल पंपाचं छप्पर आणि ड्राइव्ह थ्रू ही दोन ठिकाणं लोकांची छतं फाडतात. कॅन्यन द शेजवळच्या चिनली गावाकडे जाताना मोकळ्या माळावर आडवा वारा येतो आणि गाडी ढकलल्यासारखी होते, तेव्हा वेग कमी करा, मागचा ट्रक वैतागला तरी चालेल.

मेसा व्हर्डेचा रस्ता वळणावळणाचा आणि चढाचा आहे, एका बाजूला खोल उतार. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, गिअर खाली टाका आणि इंजिनलाच गाडी धरू द्या. ब्रेक तापल्याचा वास आला तर थांबायला जागा आहेत, थांबा, घाई नाही.

निघताना रोज एकाने बाहेरून फेरी मारायची: पायरी आत, केबल आणि पाइप काढले, छतावरचे व्हेंट बंद. आतून दुसऱ्याने कपाटांच्या सगळ्या कड्या दाबून बघायच्या. स्टीलचे डबे वरच्या कपाटात नाहीच ठेवायचे.

टाक्यांचं पण सांगते कारण कुणी सांगत नाही. संडासाची टाकी वेगळी आणि सिंक-शॉवरच्या पाण्याची वेगळी. हूकअप असला तरी संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत वाळून बसतं. दोन तृतीयांश भरली की डंप स्टेशनला (टाक्या रिकाम्या करायची जागा) हातमोजे घालून आधी ती रिकामी करायची, मग सिंकची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुतला जातो. एकदा केलं की भीती जाते.

तिकिटं आणि घड्याळ

मेसा व्हर्डेमधल्या क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस, लाँग हाउस या घरांत रेंजरबरोबरच जाता येतं आणि त्याचं वेगळं तिकीट लागतं. गेल्या काही सीझनमध्ये माणशी ८ डॉलर होतं. तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर १४ दिवस आधी, माउंटन टाइमप्रमाणे सकाळी ८ वाजता सुटतात आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची बघता बघता संपतात. लॉगिन करून, माणसांची संख्या भरून तयारच बसा. उन्हाळ्यात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ तासभर पुढे करतात, ॲरिझोनात आपण करत नाही, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा सकाळचे ७ वाजलेले असतात, अलार्म त्या हिशोबाने लावा. टूर साधारण मे ते ऑक्टोबर चालतात आणि कुठलं घर कधी उघडं हे दर वर्षी थोडं बदलतं, म्हणून आधी पार्कच्या साइटवर तारखा बघा आणि मगच आरव्ही बुक करा, उलट नको. स्प्रूस ट्री हाउस २०१५ पासून दरड पडण्याच्या धोक्यामुळे बंद आहे, ते फक्त म्युझियमजवळून बघायचं. पार्कच्या प्रवेशाला नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालतो, पण आता अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी त्याचे दर वेगळे झालेत, आईबाबा भारतातून येणार असतील तर ते आधी बघून घ्या.

घड्याळाबद्दल मी एवढं का सांगतेय, कारण पहिल्या वेळी आमची क्लिफ पॅलेसची टूर चुकली. दोन चुका एकदम झाल्या. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, नावाहो नेशन बदलतं, त्याच्या आत असलेलं होपी रिझर्व्हेशन बदलत नाही, आणि आम्ही गाडीच्या डॅशबोर्डवरचं फिनिक्सचं घड्याळ बघत आलो. त्यात जीपीएसला मेसा व्हर्डे टाकलं होतं, त्याने गेटपर्यंतचा वेळ दाखवला, पण गेटपासून चेपिन मेसा २० मैलांच्या वर आहे आणि त्या घाटरस्त्याने पाऊण तास सहज लागतो. पोचलो तेव्हा टूर होऊन गेली होती. सासूबाईंनी सहा महिन्यांपासून त्या घराचा फोटो फोनवर ठेवला होता, त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या मनाला ते फार लागलं. म्हणून सांगते, टूरच्या दिवशी गेटमधून दीड-दोन तास आधी आत शिरा, आणि शक्यतो आदल्या रात्री मोरफिल्डलाच मुक्काम करा.

मोरफिल्ड आणि स्वयंपाक

मोरफिल्ड कॅम्पग्राउंड गेटपासून चार मैलांवर, पार्कच्या आतच. जागा अडीचशेच्या वर आहेत पण पाणी-वीज-सीवर असा पूर्ण हूकअप फक्त १५ जागांना आहे, म्हणून हूकअप हवा असेल तर फार आधी बुक करा. शॉवर आणि लाँड्री आहे. किराणा मात्र कॉर्टेझला भरून घ्या, तिथून गेट दहा मैलांवर आहे, पेट्रोलही तिथेच.

उंची ७,८०० फुटांच्या आसपास. तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, तास झाला तरी दाणा तसाच. कुकर घेऊन जा, आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. फोडणी करायच्या आधी छतावरचा पंखा सुरू करून खिडकी उघडा नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म वाजतो. मी आता घरूनच मेतकूट, भाजलेलं थालीपीठाचं पीठ, सुकी चटणी आणि पुरणपोळ्या नेते, म्हणजे दिवसभर चढून-उतरून आल्यावर फक्त भात लावायचा.

उंचीचा त्रास वयस्कर माणसांना होऊ शकतो, ज्यांना बीपीचं किंवा हृदयाचं आहे त्यांनी डॉक्टरांना आधी विचारा, आणि पहिला दिवस नुसता बसून काढा. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही, पाणी पीत राहा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, टूर सकाळचीच घ्या. आणि रात्री दिवे बंद करून पाच मिनिटं बाहेर बसा, २०२१ पासून हे डार्क स्काय पार्क आहे, आकाशगंगा इतकी ठळक दिसते की माझ्या मुलाला आधी ते ढगच वाटले होते.

कुठली टूर कुणासाठी

क्लिफ पॅलेस सगळ्यात मोठं, दीडशेच्या आसपास खोल्या आणि २३ किवा, म्हणजे जमिनीतल्या गोल खोल्या. उंचसखल दगडी पायऱ्या उतरायच्या आणि छोट्या शिड्या चढायच्या, सावकाश केलं तर साठीतली धडधाकट माणसं करतात. लाँग हाउसला सव्वादोन मैल चाल आहे. बाल्कनी हाउस मात्र विचार करून घ्या: ३२ फुटांची शिडी, मग १८ इंच रुंद आणि १२ फूट लांब बोगद्यातून रांगत, मग उघड्या कड्यावर अजून शिड्या. उंचीची भीती असेल, किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर नको, वाटेत परत फिरणं अवघड आहे. माझ्या नवऱ्याने केलं, मी मुलाला घेऊन खाली थांबले, आणि त्यात काही कमीपणा नाही.

ज्यांना काहीच चढायचं नाही त्यांनी मेसा टॉप लूप करा. सहा मैलांचा रस्ता आहे, थांबत थांबत जायचं, आधी जमिनीतली खड्ड्यातली घरं, मग वरची वस्ती, मग शेवटी कपारीतली घरं असा काळाच्या क्रमाने लागतो. याच रस्त्यावर सन टेंपलपाशी उभं राहिलं की समोरच्या कड्यात क्लिफ पॅलेस अख्खं दिसतं. टूर चुकली त्या दिवशी आम्ही संध्याकाळी तिथेच जाऊन बसलो. ऊन तिरकं झालं आणि कपारीच्या आत शिरलं, एकेक खिडकी, एकेक बुरूज सोनेरी होत गेला, आणि मग खालून सावली वर चढायला लागली. सासूबाई तासभर हलल्या नाहीत. टूर मिळाली तरी संध्याकाळी इथे याच.

म्युझियम पण सोडू नका. तिथे मका दळायचा दगड आहे, त्याला मेटाटे म्हणतात, मधोमध घासून खोल झालेला, आणि त्याच्यावर दोन हातांनी मागेपुढे करायचा लांबट दगड. सासूबाई बघून म्हणाल्या, अगं हा तर पाटा-वरवंटा, आणि काचेबाहेर उभ्या राहून हातांनी वाटायची क्रिया करून दाखवली नातवाला. दगडाची कच पिठात जायची त्यामुळे त्या लोकांचे दात तरुणपणीच झिजायचे, असं रेंजरने सांगितल्यावर म्हणाल्या, आमच्या आजी पाटा टाकी लावून आणल्यावर पहिलं वाटण फेकून द्यायच्या ते याचसाठी.

आत गेल्यावर काय बघायचं

भिंतीच्या सांध्यांकडे बघा. मोठ्या दगडांच्या मधल्या गाऱ्यात नखाएवढे छोटे दगड एकेक दाबून बसवलेत आणि काही ठिकाणी गारा दाबताना उमटलेले बोटांचे ठसे अजून आहेत. सातशे-आठशे वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी बोट. किवा म्हणजे जमिनीतली गोल खोली, पूजाअर्चा आणि एकत्र बसणं दोन्हीसाठी, वरच्या छतातून शिडीने उतरायचं. मध्ये शेकोटीचा खड्डा, हवा आत यायला वेगळी नळी, आणि त्या हवेने आग विझू नये म्हणून मध्ये उभी केलेली छोटी भिंत. आणि तळाला एक लहानसं भोक असतं, सिपापू, माणसं जमिनीखालच्या जगातून जिथून वर आली त्या जागेची खूण.

बांधकामाचं वर्ष कसं कळतं हे मुलं हमखास विचारतात. छताच्या लाकडी ओंडक्यांमधली वर्तुळं मोजून. ओल्या वर्षाचं वर्तुळ जाड, कोरड्या वर्षाचं बारीक, तो क्रम जुळवत मागे जायचं. ए. ई. डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या एका जळक्या ओंडक्यावरून हा क्रम सलग जोडला. त्याच वर्तुळांवरून कळतं की १२७६ ते १२९९ फार मोठा दुष्काळ होता. लोक निघून जायला एवढंच कारण नव्हतं, माणसं वाढली होती, जमीन थकली होती, भांडणं होती, पण १३०० च्या सुमारास सगळे दक्षिणेकडे गेले. नाहीसे झाले असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

भिंतींना हात लावायचा नाही, टेकायचं नाही, हाताच्या तेलाने दगड आणि गारा खराब होतो. पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. मडक्याचा तुकडा सापडला तर बघा आणि आहे तिथेच ठेवा, उचलणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी मुलाला यामागचं कारण असं सांगितलं: १८८८ च्या डिसेंबरमध्ये गुरं शोधताना रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांना क्लिफ पॅलेस दिसलं, तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांना ते आधीपासून माहीत होतंच, आणि मग लोकांनी वाट्टेल ते उचलून न्यायला सुरुवात केली. गुस्ताफ नॉर्डेनस्कोल्ड नावाच्या तरुणाने १८९१ मध्ये खोदून काढलेल्या वस्तू बोटीने युरोपात नेल्या, त्या शेवटी फिनलंडच्या म्युझियममध्ये गेल्या, त्यात माणसांचे सांगाडे पण होते. त्यातल्या २० जणांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि वंशजांनी त्यांना पुन्हा जमिनीत ठेवलं. मुलाने यावर फक्त एवढंच विचारलं, की त्यांना इतकी वर्षं घरापासून लांब ठेवलं होतं का. हो म्हटलं. मग पुढे दोन दिवस तो इतर मुलांनाही सांगत होता, हात लावू नका म्हणून.

परत निघताना

टाक्या मोरफिल्डलाच रिकाम्या करा, पुढे नावाहो नेशनमधून येताना डंप स्टेशन सहज मिळत नाही. प्यायचं पाणी मात्र भरून घ्या. डिझेल-पेट्रोल कॉर्टेझला पूर्ण भरा आणि अर्ध्यावर आलं की जो पंप दिसेल तिथे परत भरा. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर रात्री पाइप गोठू शकतात, झोपताना बाहेरचा पाण्याचा पाइप काढून ठेवा आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवा म्हणजे आतली ऊब पाइपांना मिळते. गाडी परत करायच्या दिवशी फिनिक्सला दुपारी चारच्या ट्रॅफिकमध्ये शिरू नका, आदल्या रात्री मॉन्टेझुमा कॅसलजवळच्या कॅम्प व्हर्डे गावाला थांबा, सकाळी निवांत आवरा, झाडून घ्या, परत एकदा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा आणि मग किल्ली द्या.